थ्रेड : परम ८००० आणि सुट्या भागांची निवड

मोजक्या पैशांत संगणक जुळवताना सर्वांत वेगवान चिपच्या मागे धावण्याची गरज नसते, हे पुण्यातील एका संस्थेने १९९१ सालीच दाखवून दिले होते.

१९८०च्या दशकात भारताने क्रे कंपनीचा दोन प्रोसेसरांचा महासंगणक एक्स-एमपी/२४ मागितला. त्याचा उपयोग अण्वस्त्रांसाठी होईल या शंकेने अमेरिकेने एकाच प्रोसेसरचा एक्स-एमपी/१४ देऊ केला, तोही वापरावरील अटींसह. दिल्लीत तो हवामानाच्या कामी लागला. इतर शास्त्रांची गरज तशीच उरली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक उभी राहिली. प्रमुख डॉ. विजय भटकर, मुदत तीन वर्षांची आणि उद्दिष्ट सेकंदाला एक अब्ज आकडेमोडींचे.

ही कथा बहुधा इथेच ‘नकार आणि जिद्द’ म्हणून संपवली जाते. ते अपुरे आहे. खरी गंमत खरेदीत आहे.

स्वतःची चिप घडवण्याइतका वेळ नव्हता. म्हणून खुल्या बाजारातील इन्मॉस या ब्रिटिश कंपनीचा टी८०० ट्रान्सप्युटर निवडला गेला. एकटा घेतला तर तो क्रेपुढे किरकोळच. परंतु त्याच्या अंगातच चार दुवे होते आणि त्यांतून तो शेजारच्या चिपशी थेट बोलू शके. मान्सूनच्या नकाशाचे तुकडे पाडावेत, प्रत्येक तुकडा एका चिपला द्यावा आणि तुकड्यांच्या कडांवरील आकडे शेजाऱ्यांनी एकमेकांना कळवत राहावे, असे हे काम चाले. परम ८०००मध्ये असे ६४ प्रोसेसर होते आणि पुढे ते वाढवण्याची सोय होती. (खेळांसाठी गाजलेल्या अटारीनेही १९८९ साली ट्रान्सप्युटरवर एक वर्कस्टेशन काढले होते. ते फारसे खपले नाही.) चिप विकत मिळाली, कामाची वाटणी करणारी ‘परास’ ही आज्ञावली मात्र सी-डॅकने स्वतः लिहिली.

पुढच्या परम ८६००मध्ये गणनेसाठी इंटेलचा वेगवान आय८६० आला, निरोपांची ने-आण ट्रान्सप्युटरांकडेच राहिली. गणित झपाट्याने उरकू लागले की निरोपाची वाट पाहणे अधिक खटकू लागते. अशा यंत्राचा वेग सर्वांत मंद दुवा ठरवतो.

करवीर तालुक्यातील गडमुडशिंगीचा एखादा विद्यार्थी साठवलेल्या ५० हजारांत गेमिंग संगणक जुळवायला बसतो, तेव्हा त्याच्यापुढेही हाच पेच असतो. निम्म्याहून अधिक रक्कम ग्राफिक्स कार्डात ओतली आणि प्रोसेसर दुबळा घेतला, तर कार्ड रिकामे बसून राहते. १६ जीबीची एकच रॅमपट्टी घेण्यापेक्षा ८ जीबीच्या दोन घेतल्यास प्रोसेसरला माहिती दोन वाटांनी मिळते. अंगभूत ग्राफिक्सवर खेळताना हा फरक डोळ्यांना दिसतो. १०८०पी पडद्यासाठी ४के पेलणारे कार्ड घेणे म्हणजे पैशांची नासाडी. पॉवर सप्लायमध्ये मात्र कंजुषी नको. तो बिघडला तर इतर भागांनाही इजा होऊ शकते.

हप्त्याहप्त्याने वाढवता येणे, हा परमचा गुण घरगुती संगणकातही मदरबोर्डच्या सॉकेटमुळे येतो. २०१७च्या पहिल्या रायझनसाठी घेतलेल्या अनेक एएम४ मदरबोर्डांवर, बायॉस अद्ययावत केल्यावर, २०२२चा रायझन ७ ५८००एक्स३डी चालतो. आज अंगभूत ग्राफिक्सचा प्रोसेसर घ्यावा आणि पुढच्या वर्षी कार्ड, हा मार्ग त्यामुळेच शहाणपणाचा ठरतो.

दरम्यान बाजाराची दिशाही उलटली आहे. खेळांसाठी कार्डे बनवत मोठ्या झालेल्या एनव्हिडियाच्या ए१०० चिपा सी-डॅकच्या परम सिद्धी-एआयमध्ये बसल्या आणि नोव्हेंबर २०२०च्या जागतिक यादीत तो ६३वा आला.