मस्टरवरचं नाव

आमच्या जतकडची जुनी माणसं जन्मतारखा सांगत नसत, साल मात्र नेमकं सांगत. आजीचं लग्न जळिताच्या साली झालं, म्हणजे 1948 मध्ये, गांधीजींच्या हत्येनंतर गावोगाव ब्राह्मणांची घरं पेटवली गेली तेव्हा. धाकटी आत्या कोयनेच्या भूकंपाची, म्हणजे 1967 ची. आणि बहात्तरला तर नुसता आकडा पुरे. त्यापुढे 'दुष्काळ' म्हणायची गरजच पडत नसे.

आधीची वर्षंही ओढीचीच होती. बहात्तरला ज्वारी गुडघ्यालाही लागली नाही, विहिरींचे तळ दिसले. बैलजोडी मातीमोल किमतीत बाजारात गेली. आजोबांनी मुंबई गाठली आणि आजी सरकारनं काढलेल्या रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागली. बोटांना चिंध्या बांधून हातोडी चालवायची, कपची उडाली की पदरानं डोळा पुसून पुन्हा हातोडी उचलायची. आत्या बाभळीखाली बसून असे. तिथं वाटली जाणारी सुकडी हेच तिचं दुपारचं जेवण. घरी रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली तांबडी ज्वारी. त्याची भाकरी थापतानाच तुटे, गार झाली की चावत नसे.

मे 1973 मध्ये राज्यभर जवळपास 50 लाख माणसं अशा कामांवर होती. आमच्याच सांगली जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला, विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी 1965 मध्ये रोजगाराची हमी देण्याचा प्रयोग करून पाहिला होता. त्या विचाराला बहात्तरनं बळ दिलं. 1977 मध्ये रोजगार हमी कायदा मंजूर झाला, 26 जानेवारी 1979 पासून लागू झाला. पगारदारांच्या व्यवसाय करातून त्याला पैसा मिळाला. पुढे 2005 मध्ये देशाचा रोजगार हमी कायदा झाला, तेव्हा महाराष्ट्राचा हा अनुभव समोर होता.

या साऱ्यात आजी कुठे होती? सातबारा आजोबांच्या नावावर. शाळेत ती गेलेलीच नव्हती, त्यामुळे दाखलाही नाही. तिच्या कष्टासाठी तिचं नाव पहिल्यांदा लिहिलं गेलं ते खडीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर. त्यापुढे तिनं अंगठा उठवला आणि पैसे तिच्याच हातात पडले. त्यातून काय आणायचं, हे तिनं सासूला न विचारता ठरवलं. दुष्काळाच्या सगळ्या गोष्टींत एवढीच गोष्ट ती ताठ मानेनं सांगायची.

कायदा विधिमंडळात झाला हे खरंच. पण काम मिळालं तर माणसं राबतात, फुकटचं मागत नाहीत, हे आजीसारख्या लाखो बायकांनी आधी उन्हात बसून दाखवून दिलं होतं. पागे यांचं नाव इतिहासात आहे, ते असायलाच हवं. या बायकांची नावंही तिथं हवीत. बहात्तर पाहिलेली माणसं आता थोडीच उरली आहेत. आपापल्या घरातल्या अशा म्हातारीजवळ बसून तिचं नाव, तिचं गाव आणि तिनं केलेलं काम लिहून ठेवा. त्याशिवाय महाराष्ट्राचा इतिहास पुरा होणार नाही.