लाकूड, पटाशी आणि फावला वेळ

सातारा जिल्ह्यातील मलकापूर हे गाव कराडला इतके लागून आहे की, एक कोठे संपले आणि दुसरे कोठे सुरू झाले हे नवख्या मनुष्यास सांगता यावयाचे नाही. गावाशेजारी आगाशिवाचा डोंगर उभा आहे. त्याच्या अंगावर बौद्ध भिक्षूंसाठी कोरलेली साठाहून अधिक लेणी आहेत. हातांनी लाकूड कोरण्याच्या छंदाची हकीकत दगडी लेण्यांपासून सुरू करणे चमत्कारिक वाटेल खरे. परंतु सह्याद्रीत प्राचीन काळी ज्यांनी लेणी खोदली त्यांच्या डोळ्यांपुढे नमुना होता तो लाकडी इमारतीचा. तुळया, वासे, कमानी, कठडे ही सारी सुताराची भाषा पाथरवटाने उचलली. जेथे भार तोलावयाचा प्रश्नच नव्हता अशा अखंड खडकातही त्याने तुळया कोरून ठेवल्या! पुणे जिल्ह्यातील कार्ले येथे तर चैत्यगृहाच्या दगडी छताला खऱ्या लाकडाच्या कमानदार फासळ्या बसविलेल्या आहेत आणि त्या आजही दिसतात.

त्याच कार्ल्यास एक लहानसा शिलालेख आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या वर्धकीने, म्हणजे सुताराने, प्रवेशद्वार केले, एवढेच त्यात सांगितले आहे. आसपासच्या लेखांतून व्यापाऱ्यांची व राजपुरुषांची दाने नोंदलेली असताना त्यांच्या पंक्तीस एक सुतार आपल्या बापाच्या नावासह येऊन बसला आहे. महाराष्ट्रात लाकडावर हात चालविणाऱ्या मनुष्याचे नाव इतक्या जुन्या काळचे क्वचितच सापडेल.

पुढे मात्र हा हात इतिहासात दिसेनासा होतो. दिसते ते त्याचे काम, आणि तेही धन्याच्या नावाने. मलकापुराजवळून वाहणाऱ्या कृष्णेच्याच काठी, वर वाईजवळ, मेणवली येथे नाना फडणविसांचा वाडा आहे. नाना १७४२ साली जन्मले आणि १८०० साली वारले, हे शाळेतील मुलास ठाऊक असते. वाड्याच्या लाकडावर पटाशी कोणी चालविली हे कोणी विचारीत नाही. पेशवाईतील वाड्यांचे सुरूच्या झाडासारखे निमुळते खांब, छतातून लोंबणारी केळफुले, दारावरची गणेशपट्टी यांचे कौतुक पुष्कळ झाले आहे. तथापि लाकूड हे दगडासारखे इमानी नव्हे. १८२८ च्या फेब्रुवारीत शनिवारवाडा पेटला आणि त्यातील कोरीवकाम जळून गेले. तट आणि जोते तेवढे राहिले.

खेड्यातील सुतार हा बारा बलुतेदारांपैकी एक. नांगर, कुळव, पाभर, गाडी यांची घडण व दुरुस्ती त्याने वर्षभर करावयाची आणि सुगीत खळ्यावर आपला वाटा न्यावयाचा, अशी रीत होती. या हिशेबात नक्षीला जागा नव्हती. तरीही नक्षी झाली, आणि आश्चर्य करावयाचे ते याचेच. ताक घुसळण्याच्या रवीला खालच्या पाकळ्या लागतात. त्यांवाचून लोणी निघावयाचे नाही. दांड्यावर कोरलेल्या वळ्यांचा मात्र लोण्याशी काही संबंध नाही. कुंकवाच्या करंड्यावरचे कमळ, फणीच्या पाठीवरचा मोर, शेवया करण्याच्या साच्याला दिलेला घोड्याचा आकार ही सारी बिनहिशेबी कामे होत. ज्याने ती केली त्यास हात थांबवावयाचा नव्हता, याहून दुसरे कारण देणे कठीण आहे.

अशा वस्तू झिजल्या की चुलीत जात. त्यातल्या पुष्कळ वाचल्या त्या पुण्याच्या दिनकर गंगाधर केळकर यांच्यामुळे. १८९६ साली जन्मलेले हे गृहस्थ चष्म्यांचे दुकान चालवीत आणि ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहीत. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात त्यांनी जुन्या वस्तू गोळा करावयास आरंभ केला. राजेमहाराजांच्या शस्त्रांपेक्षा त्यांचा जीव घरगुती वस्तूंवर अधिक जडला होता: दिवे, दौती, फण्या, साचे, पडक्या वाड्यांची दारे. लहानपणीच निवर्तलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी संग्रहास दिले आणि १९६२ साली तो सरकारच्या स्वाधीन केला. संग्रह सुमारे वीस हजार वस्तूंचा आहे.

संग्रह करणे निराळे आणि स्वतः पटाशी धरणे निराळे. सुशिक्षित घरांत दुसरी गोष्ट फारशी शिरली नाही, कारण हातकाम जातीने वाटून दिलेले होते. वाड्याच्या खांबाची वाखाणणी करणाऱ्यास तो खांब घडविणाऱ्याच्या शेजारी बसणे कमीपणाचे वाटे. हा दोष लाकडाचा नव्हता. युरोपात, स्वीडनमधील नेस येथे, ऑटो सालोमन याने १८७५ साली शिक्षकांसाठी पाठशाळा काढली आणि लाकूडकाम हे मुलाच्या बुद्धीचेच शिक्षण आहे असे मानून साध्या चाकूपासून धडे बसविले. आपल्याकडे १९३७ च्या वर्धा योजनेत सुतारकामास स्थान मिळाले. पण शाळेतील उद्योगाच्या तासाने गोडी लावल्याची उदाहरणे थोडीच. गुण देण्याची सोय झाली की गोडी बहुधा पळते.

म्हणून डॉक्टर अनिल अवचट यांचे उदाहरण महत्त्वाचे वाटते. १९४४ साली ओतूर येथे जन्मलेले आणि २०२२ साली पुण्यात निधन पावलेले हे लेखक शिक्षणाने वैद्य. हमाल, विडी कामगार यांसारख्या कष्टकऱ्यांवर त्यांनी आयुष्यभर लिहिले, १९८६ साली पत्नी सुनंदा यांच्यासह ‘मुक्तांगण’ हे व्यसनमुक्ती केंद्र उभारले, आणि त्याबरोबरच लाकडात शिल्पे कोरली. ‘छंदांविषयी’ या पुस्तकात त्यांनी आपल्या छंदांची हकीकत दिली आहे. दुसऱ्याच्या हातांविषयी इतक्या आस्थेने लिहिणाऱ्या मनुष्याने आपलेही हात कामास लावले, हे योग्यच झाले.

या छंदास भांडवल थोडे लागते: दोन-तीन पटाश्या, एक मोगरी, धार लावण्याचा दगड. लाकूड निवडताना घाई करू नये. शिवण हलके, मऊ आणि फारसे न वाकणारे. नवशिक्यास ते मानवते. सागवान सुंदर खरे, पण त्यातील वाळूसारख्या सूक्ष्म कणांनी धार लवकर बोथटते. शिसव कठीण, त्याच्या वाटेस पहिल्या वर्षी जाऊ नये. बोथट पटाशी धारदार पटाशीहून अधिक घातक असते, कारण ती जोराने रेटावी लागते आणि रेटलेली पटाशी घसरते. यास्तव दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असावा.

मग तंतूंची दिशा ओळखावयाची. तंतूंच्या कलाने गेल्यास ढलपी गुंडाळत, किंचित कुजबुजत सुटते. उलट गेल्यास पाते आत घुसते व लाकूड फाटते. हे पुस्तकातून कळत नाही, मनगटास कळते. आणि एकदा कळले की तास कसे गेले ते समजत नाही. समोर चेहरा उमटू लागतो, कपाळ येते, भुवई येते. अशा वेळी एखादी गाठ आडवी येऊन नाकाचा टवका उडाला, तर नाक परत चिकटविता येत नाही. गाल, ओठ, कपाळ, सबंध चेहराच दोन-चार सूत मागे न्यावा लागतो, म्हणजे मधोमध नवे नाक उरते. जुने कोरणारे पहिल्या दिवशी चेहऱ्यामागे थोडे लाकूड राखून ठेवतात ते यासाठीच.