घरच्या कार्यशाळेतून नदीच्या तळापर्यंत : पाणबुड्याच्या श्वासाचा इतिहास

१/१०
सायखेडा आणि चांदोरी ही निफाड तालुक्यातील गोदाकाठची शेजारगावे. २०१६ व २०१९ च्या महापुरांत दोन्ही गावांत गोदावरी शिरली. हेच पाणी ओसरले की चांदोरीच्या पात्रातील, एरवी बुडालेली जुनी दगडी मंदिरे दृष्टीस पडतात. ती पाहिली की प्रश्न पडतो : पाण्याखालच्या इतिहासापर्यंत माणूस पोहोचला तरी कसा?

२/१०
पहिली कल्पना सर्वांना सारखीच सुचते : तोंडात लांब नळी धरायची आणि तिचे दुसरे टोक पाण्याबाहेर ठेवायचे. ती फसते. एक मीटर खोलीवर छातीच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर सुमारे १०० ग्रॅम जादा भार येतो. नळीतील हवा मात्र पृष्ठभागावरच्याच दाबाची असते. त्यामुळे छाती फुगवणेच अशक्यप्राय होते. हवा भोवतालच्या पाण्याइतक्याच दाबाने मिळाली पाहिजे. पुढचा सारा इतिहास या एका अटीभोवती फिरतो.

३/१०
इंग्लंडमधील चार्ल्स आणि जॉन डीन या बंधूंनी आधी आगीच्या धुरात शिरण्यासाठी शिरस्त्राण बनवले. १८२३ मध्ये त्याचे पेटंट घेतले गेले. पंपाने हवा पुरवणारे हेच शिरस्त्राण पुढे पाण्यात उतरले. १८३६ मध्ये कोळ्यांची जाळी समुद्रतळाशी अडकली, म्हणून जॉन डीन खाली गेला. तिथे त्याला १५४५ मध्ये बुडालेली 'मेरी रोझ' ही युद्धनौका सापडली.

४/१०
पंपाच्या नळीने माणूस बांधलेलाच राहिला. १८६० च्या दशकात फ्रान्समध्ये खाण अभियंता बेन्वा रुकेरॉल आणि नौदल अधिकारी ऑग्युस्त देनेरूझ यांनी पाठीवर टाकी व मागणीनुसार उघडणारी झडप असे साधन घडवले. श्वास ओढला की झडप उघडते, सोडला की मिटते. ज्यूल व्हर्नने आपल्या सागरी कादंबरीत याच साधनाचा उल्लेख केला आहे. तत्कालीन टाक्या मात्र फारसा दाब सोसू शकत नव्हत्या. त्यामुळे नळीपासून सुटका मोजक्या मिनिटांचीच होती.

५/१०
दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समध्ये पेट्रोलचा तुटवडा पडला आणि मोटारी वायूवर चालू लागल्या. त्यासाठी अभियंता एमिल गान्याँ याने वायू नियंत्रित करणारी छोटी झडप तयार केली होती. नौदल अधिकारी जाक-ईव कुस्तो पाण्याखाली वापरता येईल अशा झडपेच्या शोधात त्याच्याकडे आला.

६/१०
जानेवारी १९४३ मध्ये पहिली चाचणी झाली ती समुद्रात नव्हे, तर पॅरिसजवळच्या मार्न नदीत. आडवे पोहताना साधन उत्तम चाले. सरळ उभे राहिले की हवा वाया जाई, आणि डोके खाली केले की श्वास ओढणे कठीण होई. दोष असा की उच्छ्वासाची झडप व नियंत्रक यांच्या पातळ्यांत अंतर पडत होते. दोन्ही शेजारीशेजारी बसवताच साधन सुधारले, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ते भूमध्य समुद्रात यशस्वी झाले.

७/१०
युद्धानंतर तयार साधने सामान्यांच्या आवाक्याबाहेर होती. म्हणून ब्रिटनमधील हौशी मंडळींनी विमानांतील शिल्लक ऑक्सिजन टाक्या आणि घरगुती गॅसचे रेग्युलेटर बदलून स्वतःची साधने रचली. वायूच्या झडपेपासून निघालेली कल्पना अशी पुन्हा वायूच्या झडपेपाशी आली.

८/१०
ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने वेगळी वाट धरली. त्याने दाब कमी करण्याचे काम दोन टप्प्यांत विभागले : पहिला टप्पा टाकीवर, दुसरा थेट तोंडाशी. त्याचे 'पॉरपॉइज' १९५० च्या दशकाच्या आरंभी बाजारात आले. आज तारकर्लीला पर्यटक जे साधन तोंडात धरतात, त्याची रचना याच धाटणीची आहे.

९/१०
आता या इतिहासाची काळी बाजू. दहा मीटरवर भरून घेतलेला श्वास रोखून वर आले, तर तीच हवा पृष्ठभागावर दुप्पट जागा मागते आणि फुप्फुस फाटू शकते. रंगकामाच्या वा पंक्चरच्या दुकानातील कॉम्प्रेसरच्या हवेत तेलाचे कण असू शकतात. इंजिनाचा धूर आत ओढला गेला, तर कार्बन मोनॉक्साइडही मिसळतो. त्याला ना रंग, ना वास. घरी रचलेले साधन काठावर निर्दोष वाटते. त्याचा दोष कळतो तो खाली, जिथे दुरुस्तीला अवधी नसतो.

१०/१०
म्हणून त्या कारागिरांचे कौतुक करावे, अनुकरण मात्र करू नये. पाण्याखालचा इतिहास पाहायची खरी आस असेल, तर रीतसर प्रशिक्षणाची वाट आहे. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधक याच वाटेने द्वारकेच्या समुद्रतळापर्यंत गेले. आणि चांदोरीच्या मंदिरांसाठी तर थोडा धीर पुरेसा आहे. पाणी उतरले की गोदामाई ती स्वतःच दाखवते.