साहित्य, विज्ञान आणि एक विसरलेली सभा

साहित्य आणि विज्ञान यांच्या नात्याची चर्चा निघाली की सी. पी. स्नो यांच्या १९५९ सालच्या ‘दोन संस्कृतीं’वरील व्याख्यानाचा उल्लेख हमखास होतो. तुटलेले कसे जोडावे, ही स्नो यांची चिंता होती. त्याच्या शतकभर आधी मुंबईत मात्र या दोहोंना एकाच नावाखाली आणणारी सभा उभी राहिली होती.

१८४८ साली एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी, प्रा. पॅटन यांच्या प्रोत्साहनाने, ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ स्थापन केली. गणिताचे दादाभाई नवरोजी तिच्या अग्रणींपैकी होते. वैद्यक आणि पुराभिलेख यांत सारख्याच अधिकाराने वावरणारे डॉ. भाऊ दाजी लाड पुढे तिचे अध्यक्ष झाले. इंग्रजीतून मिळालेले ज्ञान स्वभाषेत कसे आणावे, हा या मंडळींपुढचा खरा प्रश्न होता. म्हणून गुजरातीसाठी ज्ञानप्रसारक मंडळी आणि मराठीसाठी उपयुक्त ज्ञानप्रसारक सभा अशा शाखा निघाल्या. मराठी सभेचे अध्यक्षपद दादोबा पांडुरंग यांच्याकडे आले. १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध करणारा विद्वान अशा सभेच्या अग्रस्थानी असावा, हे आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. शास्त्रीय विषय मराठीत मांडायचा म्हणजे शब्द घडवायचे आणि कार्यकारणभाव पेलणारी वाक्यरचना शोधायची. म्हणजे विज्ञानाचा प्रत्येक निबंध हा गद्याचाही प्रयोग होता.

१८५० ते १८६७ या काळात निघालेल्या ‘मराठी ज्ञानप्रसारक’ मासिकाने या प्रयोगाला छापील रूप दिले. मराठी निबंधाच्या इतिहासात ‘निबंधमाले’ला (१८७४) मध्यवर्ती स्थान मिळते आणि ते रास्तही आहे. परंतु विष्णुशास्त्र्यांच्या हाती आलेले गद्य आधी या मासिकाच्या पानांवरही राबले होते, याची नोंद त्याच ठळकपणे व्हायला हवी.

सोसायटीने धर्म आणि राजकारण हे विषय चर्चेबाहेर ठेवले होते. तरीही स्त्रीशिक्षणाचा विचार निबंधापुरता उरला नाही. १८४९ साली सभासदांनी मुलींच्या मराठी आणि गुजराती शाळा काढल्या व स्वतः शिकवले. त्याआधीच, १८४८ साली, पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली होती. ज्ञान कोणासाठी, हा प्रश्न तिथे जातीच्या अंगाने अधिक रोखठोक विचारला गेला. मुंबईच्या सुशिक्षित वर्तुळाची मर्यादा त्यावरून कळते.

आज कला आणि विज्ञान शाखांची वेळापत्रकेही एकमेकांना भेटत नाहीत. अशा वेळी या सभेकडून घेण्यासारखी गोष्ट एकच : दोन विद्यांना जोडणारा दुवा भाषा हाच असतो, आणि तो वापरावाच लागतो.