युनिक्सची पहिली आवृत्ती नेमकी कधीची?

केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांच्या ‘युनिक्स प्रोग्रामर्स मॅन्युअल’च्या पहिल्या आवृत्तीवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे. न्यू जर्सीतल्या बेल लॅब्जमध्ये पीडीपी-११/२० या यंत्रावर चालणारी ही प्रणाली तेव्हा संस्थेबाहेर कोणाच्या हाती नव्हती. यंत्राची मेमरी अवघी २४ किलोबाइट. त्यातली १६ प्रणालीसाठी, ८ वापरणाऱ्याच्या प्रोग्रामसाठी.

मॅन्युअल प्रणालीचे वर्णन करते, पण मॅन्युअल म्हणजे प्रणाली नव्हे. तिच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, असेंब्ली भाषेतला कोड उरला तो छापील कागदांवर, आणि त्या कागदांचा काळ जून १९७२ चा. २००८ मध्ये वॉरन टूमी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्कॅन केलेल्या पानांवरून तो अक्षर न् अक्षर तपासून पुन्हा उभा केला आणि सिम्युलेटरवर चालवला. सोबत लागणारे प्रोग्राम मिळाले रिचीने जपलेल्या एका जुन्या टेपवर.

त्या टेपचा काळ ठरवणे मोठे नाजूक काम. फाइलींवर वेळेची नोंद आहे. पण तेव्हाचे युनिक्स १९७१ च्या आरंभापासून सेकंदाचे साठावे भाग मोजत असे. ३२ बिटांत ही मोजणी सव्वादोन वर्षांतच संपते. म्हणून पुढे आरंभवर्षच बदलावे लागले, आणि कोणते वर्ष धरायचे यावर एकाच आकड्याची तारीख बदलते.

मला अधिक भरवशाचा वाटतो तो प्रोग्रामच्या फाइलीतला पहिला आकडा. जुन्या फाइलींत तो अष्टमान पद्धतीत ४०५ आहे, नंतरच्यांत ४०७. हा आकडा म्हणजे फाइलीचे शीर्षक ओलांडून थेट कामाला लागण्याची यंत्राला दिलेली आज्ञा. शीर्षक सहा शब्दांवरून आठ शब्दांचे झाले, तसा तोही बदलला. काळ नोंदवण्याच्या हेतूने तो कोणी लिहिला नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष निखळ. टेपवर दोन्ही प्रकार मिसळलेले सापडले. छापील कर्नलला मात्र फक्त ४०५ कळत होता. ४०७ चालवण्यासाठी त्यात आज भर घालावी लागली.

म्हणजे आज ‘पहिली आवृत्ती’ म्हणून जे चालताना दिसते, त्यात वेगवेगळ्या टप्प्यांवरचे भाग एकत्र आले आहेत. नोव्हेंबर १९७१ च्या यंत्रावर नेमके हेच चालत होते, असे त्यावरून म्हणता येत नाही. पुनर्रचना करणाऱ्यांनी मूळ पानांचा मजकूर आणि स्वतःच्या दुरुस्त्या वेगवेगळ्या ठेवल्या, आणि प्रकल्पाला आवृत्तीचा क्रमांक न देता ‘युनिक्स-जून७२’ हे नाव दिले.