सुईच्या टोकावरचे निदान : गाठ यकृताची की जठराची?

यकृताचा डावा भाग आणि जठर पोटात एकमेकांना लागून असतात. जठराच्या भिंतीतून बाहेरच्या बाजूला वाढलेली गाठ सीटी स्कॅनमध्ये कधी कधी यकृतातूनच निघाल्यासारखी दिसते. शिवाय जठराचा कर्करोग रक्तावाटे यकृतात पसरतो. म्हणून यकृतात दिसणारी गाठ मूळची यकृताचीच असेल असे नाही. गाठीचे नाव चुकले की उपचारही चुकतात. हा गोंधळ सोडवण्याचा इतिहास आपण तीन टप्प्यांत पाहू.

१. सुई आत पोहोचली

१८८३ साली जर्मनीत पॉल एर्लिख यांनी यकृतात सुई घालून नमुना काढला, पण तो मधुमेहातील ग्लायकोजेन तपासण्यासाठी. गाठींच्या निदानासाठी सुईचा पद्धतशीर वापर न्यूयॉर्कच्या मेमोरियल रुग्णालयातील मार्टिन आणि एलिस यांनी १९३० मध्ये मांडला. यकृताच्या बाबतीत मात्र भीती होती. यकृत रक्ताने भरलेले असते आणि श्वासाबरोबर वरखाली सरकते. सुई आत असताना रुग्णाने श्वास घेतला, तर यकृत फाटून रक्तस्राव होऊ शकतो. इटलीतील मेंघिनी यांनी १९५८ मध्ये यावर उपाय दिला. सिरिंजच्या ओढीने तुकडा सुईत येतो आणि सुई यकृतात जेमतेम एक सेकंद राहते. पुढे सोनोग्राफी आणि सीटी आल्यावर सुई नेमकी गाठीपर्यंत नेता येऊ लागली.

२. नमुना वाचणारा हवा

तुकडा हाती आला म्हणजे निदान झाले असे नाही. मुंबईत परळला २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झाले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. भारतातील आधुनिक विकृतिशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव अग्रभागी आहे.

आमच्या भिलाईत वितळलेल्या पोलादाचा नमुना प्रयोगशाळेत जातो आणि विश्लेषण पाहून पुढचा निर्णय होतो. पण पोलाद ढवळून एकजीव करता येते, गाठ करता येत नाही. सुई गाठीच्या मृत भागात गेली, तर तुकडा मिळूनही उत्तर मिळत नाही. एंडोस्कोपीच्या चिमट्याचीही मर्यादा आहे. तो जठराच्या आतल्या अस्तराचा तुकडा काढतो, भिंतीत खोल असलेली गाठ निसटू शकते.

३. पेशीची ओळख पटली

सूक्ष्मदर्शकाखाली आकार पाहून जे ठरत नव्हते, ते प्रतिपिंडांनी ठरू लागले. १९७५ मध्ये कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच प्रकारची प्रतिपिंडे हवी तेवढी तयार करण्याची रीत शोधली. आज ‘हेपपार-१’ आणि ‘आर्जिनेज-१’ या चाचण्या यकृतपेशींची खूण दाखवतात. जठराच्या भिंतीत होणाऱ्या ‘जिस्ट’ या गाठीत बहुधा ‘किट’ हे प्रथिन सापडते. त्यामागचा जनुकीय बदल १९९८ मध्ये जपानमधील हिरोता आणि सहकाऱ्यांनी दाखवला. काही वर्षांतच इमॅटिनिब ही गोळी जिस्टवर वापरात आली. यकृताच्या कर्करोगाची उपचारपद्धती मात्र वेगळी आहे. म्हणजे एका धाग्याएवढ्या तुकड्यावर रुग्णाचे औषध ठरते.

मर्यादा लक्षात ठेवा

जठराचे काही विरळ कर्करोग यकृतपेशींसारखे दिसतात आणि यकृताच्या कर्करोगाची खूण मानले जाणारे अल्फा-फीटोप्रोटीनही तयार करतात. म्हणून एकाच चाचणीवर विसंबत नाहीत. सिरॉसिस असलेल्या रुग्णात स्कॅनवरील चित्र पुरेसे स्पष्ट असेल, तर बहुधा बायोप्सी करत नाहीत, कारण रक्तस्रावाचा आणि सुईच्या वाटेने कर्करोगाच्या पेशी पसरण्याचा थोडा धोका असतो.

विचार करा : नमुना घेण्यातच धोका असेल, तर तो केव्हा घ्यावा? तुमच्या शाखेतील एका चाचणीचे उदाहरण घेऊन उत्तर लिहा.