पाऊलखुणांचा पुरावा : गावशिवेपासून न्यायालयापर्यंत

‘माग काढणे’ हा शब्दप्रयोग मराठीत आज कोणत्याही शोधासाठी रूढ असला, तरी एके काळी तो ग्रामव्यवस्थेतील एका निश्चित कर्तव्याचा वाचक होता. गुन्ह्याच्या स्थळावरील पावलांचे व पादत्राणांचे ठसे हस्तगत करण्याच्या आधुनिक तंत्राचा इतिहास सामान्यतः युरोपापासून सांगितला जातो. महाराष्ट्रापुरता विचार करता ही सुरुवात अपुरी वाटते.

पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या जागल्याच्या कामाचे वर्णन आढळते. हे काम रामोशी, भिल्ल, महार, मांग अशा समाजांकडे असे. चोरी झाल्यावर जागल्याने चोराच्या पावलांवरून माग काढावयाचा. तो दुसऱ्या गावात गेल्याचे तेथील जागल्यास पटवून दिले की पहिल्याची जबाबदारी संपे व दुसऱ्याची सुरू होई. ज्या गावापर्यंत माग स्पष्टपणे पोचला, ते शेवटचे गाव चोरीच्या मालाबद्दल उत्तरदायी ठरे. जागल्याने ऐपतीप्रमाणे भरपाई करावी व उरलेली रक्कम गावावर बसवावी, असा प्रघात होता.

येथे एक बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. या व्यवस्थेत पाऊलखूण जतन करण्याची गरजच नव्हती. दोन्ही जागले शिवेवर उभे राहून एकच ठसा एकाच वेळी पाहत. शिवाय त्या ठशाने प्रथम ठरे ते भरपाईचे दायित्व. चोराची ओळख त्यानंतरची. इंग्रजी अमदानीत निवाडा गावाबाहेरच्या कचेरीत, घटनेनंतर महिन्यांनी होऊ लागला आणि पाऊलखूण न्यायाधीशापुढे नेणे भाग पडले. जमीन तर उचलून नेता येत नाही! पुरावा जपण्याच्या तंत्राची खरी निकड या अंतरातून निर्माण झाली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

ऑस्ट्रियन दंडाधिकारी हान्स ग्रोस यांच्या १८९३ च्या तपासविषयक ग्रंथात पाऊलखुणांचे विस्तृत विवेचन असून, त्याची भारतीय परिस्थितीस अनुसरून केलेली इंग्रजी आवृत्ती १९०६ मध्ये मद्रास येथे निघाली. ठसा घेण्याची रीत दिसावयास सोपी आहे. प्रथम मोजपट्टी शेजारी ठेवून, तिरपा प्रकाश टाकून, कॅमेरा जमिनीशी काटकोनात धरून छायाचित्र घ्यावयाचे. मग ठशाभोवती चौकट बसवून पाण्यात कालवलेले प्लॅस्टर ऑफ पॅरिस हलक्या हाताने ओतावयाचे. धार थेट ठशावर पडल्यास सैल माती विस्कटते. पुढे प्लॅस्टरची जागा दंतवैद्यकातील अधिक कठीण डेंटल स्टोनने घेतली. फरशीवरील धुळीचा ठसा मात्र ओतकामाने मिळत नाही. तो स्थिर विद्युतभाराच्या साहाय्याने विशिष्ट पटलावर उचलतात.

पादत्राण बदलले तसा ठशाचा अर्थही बदलला. गावच्या चांभाराने हाताने शिवलेल्या वहाणेचा तळ सहसा दुसऱ्या वहाणेसारखा नसे. साच्यातून निघालेला रबरी तळ हजारो जोडांत एकसारखा असतो. त्यामुळे नक्षी व माप यांवरून फक्त जोडाचा प्रकार कळतो. विशिष्ट जोड ओळखावयाचा तर झीज, चीर, रुतलेला खडा अशा वापरातून आलेल्या खुणाच शोधाव्या लागतात.

कायद्याने या पुराव्याला जागा दिली, पण हात राखून. १८७२ च्या पुरावा अधिनियमात झटापटीने जमिनीवर उमटलेल्या खुणा सुसंगत मानल्या होत्या. तज्ज्ञांच्या मतासंबंधीच्या ४५व्या कलमात १८९९ मध्ये बोटांचे ठसे समाविष्ट झाले, पावलांचे नाहीत. १९२० च्या कैदी ओळख अधिनियमात मात्र पावलांचे ठसे घेण्याची तरतूद होती. सर्वोच्च न्यायालयाने १९५६ मध्ये हे शास्त्र प्राथमिक अवस्थेतील असल्याचे नमूद केले आणि इतर परिस्थितीच्या जोडीनेच त्याचा आधार घेता येईल, केवळ त्यावर दोषसिद्धी होऊ शकत नाही, असे म्हटले. ही सावधगिरी योग्यच होती. निरपराध माणसाच्या पायांतही तोच जोड असू शकतो.

ज्यांच्या नजरेवर जुनी व्यवस्था उभी होती, त्यांच्या वाट्याला मात्र अशी सावधगिरी आली नाही. ‘गुन्हेगार जमाती’ ठरवणारा कायदा १८७१ मध्ये आला व १९५२ मध्ये रद्द झाला. महाराष्ट्रातील विमुक्त जातींच्या यादीत आज रामोशी समाजाचे नाव आहे. माग काढणाराच संशयित ठरला. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातील ३९व्या कलमात तज्ज्ञांच्या मतासाठी ‘अन्य कोणतेही क्षेत्र’ हे शब्द आले आहेत. पाऊलखुणांचा नावानिशी उल्लेख तेथेही नाही.